तिसऱ्या खुंटीवरची लाल रेघ

खरं सांगा, मागच्या लग्नात ऑर्केस्ट्रापुढे घाम निथळेस्तोवर नाचलात, तेव्हा मागे ड्रमच्या बाजूला चार जाड तारांची गिटार गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे एकदा तरी पाहिलंत का? नाही पाहिलंत. गाणाऱ्याला टाळ्या दिल्यात, कीबोर्डवाल्याला शाबासकी दिलीत. पण तुमचे पाय उचलले जात होते ते त्या मागच्या माणसामुळे. त्यानं हात काढून घेतला असता तर अख्खा मांडव जागच्या जागी गार पडला असता, आणि का पडला ते तुम्हाला कळलंही नसतं.

कोलारच्या सोन्याच्या खाणींपाशी, मारीकुप्पमच्या कामगार लाइनीत असाच एक मागचा माणूस राहतो. सवरीमुत्तु. वय एकाहत्तर. सत्तावीस वर्षं तो खाणीत टेकूवाला होता. खालच्या बोगद्यात छत माणसांच्या अंगावर येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू ठोकायचे, हे त्याचं काम. आणि सुट्टीच्या दिवशी 'संडे शिफ्ट' नावाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार. दोन्हीकडे काम एकच, असं तो म्हणतो. वरचं कोसळू द्यायचं नाही.

त्याची गिटार दुकानातून आलेली नाही. एक्क्याऐंशी साली खाणीच्या वर्कशॉपातल्या माणसांनी जेवणाच्या सुट्टीत, साहेबाची नजर चुकवून ती बनवली. सुसै सुतारानं टेकूच्या लाकडातून अंग कोरलं. फिटरनं दांडीवरच्या लोखंडी पट्ट्या घासून दिल्या. टेलिफोनवाल्यानं मेलेल्या फोनातली केसासारखी तांब्याची तार आवाज पकडायला चुंबकांवर गुंडाळली. तारा आणि खुंट्या तेवढ्या मद्रासहून आल्या. गिटार झाली ती अशी जड, की ड्रमवाला गोविंदन म्हणायचा, "मुत्तु, हिच्यापेक्षा बायकोलाच गळ्यात अडकव की. फिलोमिना हलकी पडेल."

बनवणारे सगळे गेले. सुसै तर छातीत दगडाची भुकटी भरून, खोकून खोकून गेला. खाणीतून सोनं किती निघालं त्याची कागदपत्रं कपाटं भरून आहेत. सुसैनं एक गिटार केली होती, हे कुठल्याच कागदावर नाही.

एकदा बंगळूरहून एक खानावळवाला आला होता. त्याला भिंतीवर टांगायला खाणीतल्या जुन्या वस्तू हव्या होत्या. गिटार बघून त्याची नजर हलेना.

"अण्णा, आकडा तुम्हीच सांगा."

"तुला वाजवता येते?"

"मला नाही हो. भिंतीला हवीय."

"मग भिंतीला आधी वाजवायला शिकव. शिकली की दोघं या."

सवरीमुत्तु ती विकणार नाही हे लाइनीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. का विकणार नाही, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यासाठी पंख्याचं सांगावं लागेल.

खाणीच्या तोंडाशी एक अवाढव्य पंखा होता. खालची तापलेली हवा तो ओढून बाहेर टाकायचा. दिवसरात्र त्याचा एकच खोल घुमारा. तो खाटेच्या पायात असायचा, पाण्याच्या घागरीत असायचा, दातांत असायचा. पाहुण्यांना तो ऐकू यायचा, लाइनीतल्या माणसांना यायचा नाही. लाइनीतल्या बायकांना मात्र न ऐकताही कळायचा. पंखा घुमतोय म्हणजे खाली आपल्या माणसाला श्वास मिळतोय. भात ढवळताना घुमारा जरा अडखळला तरी अख्ख्या ओळीतल्या पळ्या एकदम थांबायच्या. पुन्हा लागला की पुन्हा भात. फिलोमिना तेवढ्यावर दुपारची झोप घ्यायची. नवरा पृथ्वीच्या पोटात मैल-दीड मैल खाली असताना दुसरी कसली ग्वाही मिळणार होती तिला?

संडे शिफ्टवाल्यांकडे सूर लावायला ना पियानो होता ना मशीन. ते गिटारची तिसरी तार मोकळी सोडून पंख्याच्या घुमाऱ्याला मिळवायचे आणि बाकी सगळं त्या तारेवर. त्यामुळे त्यांचा ऑर्केस्ट्रा साऱ्या जगापेक्षा केसभर खाली वाजायचा. मारीकुप्पमला कुणाची तक्रार नव्हती.

मग दोन हजार एक साली खाणी बंद झाल्या. माणसं वर आली, आणि थोड्या दिवसांनी एका दुपारी तीनच्या सुमाराला पंखा थांबला. कुत्री भुंकायला लागली. फिलोमिना खरकट्या हातानं दारात आली. नवरा समोर ओट्यावर धडधाकट बसला होता, तरी ती त्याला म्हणाली, "अहो, तुम्ही कुठं आहात?"

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. आठवडा गेला, पंधरा दिवस गेले. शेवटी एका दुपारी सवरीमुत्तुनं गिटार अॅम्प्लिफायरच्या पेटीला जोडली, आवाज अगदी बारीक ठेवला आणि तिसरी तार छेडली. ती विरायच्या आत पुन्हा. पुन्हा. खाटेच्या पायात घुमारा चढला. फिलोमिना डोळे मिटूनच म्हणाली, "हं. चालू आहे." आणि झोपली.

पोरीची नखं रंगवायची बाटली घेऊन त्यानं त्याच दिवशी तिसऱ्या खुंटीपासून खालच्या लाकडापर्यंत एक लाल रेघ ओढली. सूर इथं आहे. इथून हलायचं नाही.

अठरा वर्षं हे चाललं. रोज दुपारी तीन वाजता. मधे बंगळूरच्या एका हॉटेलात बेस वाजवायची नोकरी मिळाली होती. बँडचा म्होरक्या म्हणाला, "काका, तार जरा वर चढवा, आमच्याशी जुळत नाही." हा म्हणाला, "तुम्ही सगळे जरा खाली या." दुसऱ्या दिवशी मारीकुप्पमला परत. मग एका गोदामावर रखवालदारी. लोक त्याला चक्रम म्हणाले. म्हणू द्यात.

फिलोमिना जाऊन सहा वर्षं झाली. तीन वाजताची तार थांबली नाही. रिकाम्या खाटेसमोर तो ती छेडतो, आणि 'हं' म्हणायची तिची वेळ असते तेवढा वेळ गप्प बसतो.

यंदा त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पोरगी जेनिता बंगळूरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिनं त्याला आठवडाभर आपल्याकडे ठेवून घेतलं आणि मधल्या मधे, त्याला न सांगता, मारीकुप्पमला जाऊन गिटार उचलून आणली. चांगल्या मनानं केलं हो. रविवारी त्याला घरी पोचवल्यावर म्हणाली, "अप्पा, डोळे मिटा."

"डॉक्टरनं आत्ताच उघडून दिलेत, आणि तू मिटायला सांगतेस?"

"मिटा हो जरा."

त्यानं उघडले तेव्हा खाटेवर गिटार होती. झगझगीत पॉलिश. चंदेरी नव्या तारा. डोक्यावर चार नव्या कोऱ्या खुंट्या.

"किती वर्षं बेसूर होती अप्पा! दुकानदार विचारत होता, ही कुणी लावलीय अशी? एकेक तार मशीनवर लावून दिली त्यानं, हिरवा दिवा लागेपर्यंत."

सवरीमुत्तुनं तिसरी तार छेडली. स्टीलच्या ताटावर चमचा पडावा तसा आवाज आला. वरचा. परका.

"जुन्या खुंट्या?"

"गंजलेल्या होत्या. टाकल्या त्यानं. तारा मात्र मागून घेतल्यात, या बघा पिशवीत."

"तिसरीवर लाल रेघ होती."

"ती मला वाटलं मीच लहानपणी रंगवलीय. माझ्याच बाटलीतला रंग तो. पॉलिशमध्ये पुसली गेली."

त्यानं पिशवीतल्या जुन्या तारा मोजल्या. तेच वाईट. ओरडला असता तर पोरगीही ओरडली असती आणि दोघं जेवली असती. चारही मोजून झाल्यावर म्हणाला, "तुझ्या आईला मी दोनदा पुरलं म्हणायचं."

मग जेनिता पेटली. "मी काय केलं ते तरी सांगा! या तारेपायी बंगळूरची नोकरी सोडलीत तुम्ही. चार वर्षं आईनं दुसऱ्यांची भांडी घासली. मी कधी बोलले?"

"आज बोललीस."

"हो, आज बोलले. आणि आणखी एक सांगा. रेघ खुंटीवर होती, तारेवर नव्हती. इतक्या वर्षांत तार ढिली पडली नसेल?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. रक्त तपासणारीनं विचारला, बरोबर विचारला, तरी नको होता.

त्यानं जुन्या तारा पुन्हा चढवल्या. बोटांच्या घामानं काळ्या पडलेल्या, बोथट तारा. गिटारचा आवाज परत आला, तोच जाड, दबका. पण जागा सापडेना. खुंटी पिळावी तिथं क्षणभर वाटायचं, हाच. दुसऱ्या क्षणाला वाटायचं, छे. गोविंदनला बोलावलं. तो म्हणाला, "अजून वर." मग म्हणाला, "नाही, खाली." मग म्हणाला, "मुत्तु, मी ड्रमवाला आहे रे. मला कशाला पापात घेतोस?"

तो घरात असूनही तीन दिवस तीन वाजता तार वाजली नाही. चौथ्या दिवशी जेनितानं रजा वाढवली आणि विचारलं, "अप्पा, पंखा सांभाळायला कोण होतं?"

"मुनिरत्नम. आहे अजून, अँडरसनपेटला. पण त्याचा काय उपयोग? ठार बहिरा आहे तो. त्या पंख्यानंच केलाय."

"कान गेलेत ना? हात आहेत की नाही?"

सवरीमुत्तुनं पोरीकडे पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

गोविंदन, गिटार, पेटी आणि ही दोघं, सगळे एका रिक्षात कोंबून अँडरसनपेटला गेले. मुनिरत्नम चौऱ्याऐंशीचा. बहिरे बोलतात तसा तो गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो. गिटार बघताच ओरडला, "हे सुसैचं लाकूड!" काय हवंय ते जेनितानं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवलं. त्यानं वाचलं, लुंगीला हात पुसला आणि तळवा गिटारच्या अंगावर सपाट टेकवला. पंख्याच्या बेअरिंगवर असाच तळवा ठेवून तो तीस वर्षं त्याची तब्येत बघत आला होता.

"वाजव."

सवरीमुत्तुनं तिसरी तार छेडली.

"खाली."

खुंटी फिरली.

"अजून खाली. अजून. आता वर. मुंगीएवढं वर घे. हं."

त्याचा तळवा तिथंच राहिला. दुसरा हात आपोआप बाजूला गेला आणि हवेत काहीतरी चाचपू लागला. पंख्यापाशी तेलाची बुधली असायची तिथं. गोविंदननं टोपी काढली. सवरीमुत्तुचे नवे डोळे वाहायला लागले. जेनितानं पर्समधून नखांच्या रंगाची बाटली काढून झाकण फिरवलं.

तेवढ्यात मुनिरत्नम ओरडला, "हा शनिवारचा!"

"कसला शनिवारचा?"

मुनिरत्नमला ऐकू गेलं नाही, पण तोंडं बघून समजला. "शनिवारी मी पंख्याचा पट्टा आवळायचो. मग आठवडाभर तो सैल होत जायचा. शुक्रवारपर्यंत आवाज बसायचा त्याचा. तुम्हाला काय वाटलं, रोज एकच होता?"

गोविंदन हसायला लागला. "म्हणजे रविवारी आपण ताज्या पट्ट्यावर वाजवायचो! पोरी, वाटलं नव्हतं आम्ही इतके शास्त्रशुद्ध आहोत."

सवरीमुत्तु हसला नाही. त्यानं जेनिताच्या हातातून कागद घेतला आणि स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: बंद पडला तेव्हाचा कुठला?

मुनिरत्नमनं तो कागद वाचून त्याची घडी घातली. मग पहिल्यांदाच हळू बोलला. "शेवटचे सहा महिने पट्टा आवळलाच नाही. फाटायला आला होता. नवा मागितला तर वरचे म्हणाले, बंदच व्हायचंय, कशाला हवा? रोज थोडाथोडा खाली गेला तो." त्यानं गिटारवरचा तळवा उचलला. "त्या सहा महिन्यांतलं मला विचारू नकोस मुत्तु. मी त्याला हात लावायचं सोडलं होतं."

परतीच्या वाटेवर, सोनं काढून उरलेल्या भुकटीच्या सायनाइड-ढिगाऱ्यांजवळ वारा सुटला होता. फिलोमिनानं ज्याला 'हं' म्हटलं, तो त्या सहा महिन्यांच्या तळाचा सूर होता. तो खुंटीवर होता, खुंटी गेली. ज्याच्या तळव्यात असायला हवा होता त्यानं तळवा काढून घेतला होता, आणि त्याला दोष देण्याची कुणाची छाती आहे?

आता रोज तीन वाजता सवरीमुत्तु मुनिरत्नमचा शनिवारचा सूर वाजवतो. धडधाकट, आवळलेला सूर आहे. लाल रेघ अजून ओढलेली नाही. बाटली खिडकीत ठेवलीय.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलंय. खाणी बंद पडल्यावर कोलारची माणसं पोटामागे कुठं कुठं गेली. काही चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींत आली, काही भंडाऱ्याकडे मँगनीजमध्ये, काही खडकीच्या कारखान्यांत. तुमच्या शेजारी असतील. दोन हजार सालच्या दिवाळीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मारीकुप्पमच्या लाइनीत भरलेली एखादी कॅसेट त्यांच्या ट्रंकेत असेल. गावाकडची खुशाली सांगणारी, नाताळच्या गाण्याची, बाळाच्या रडण्याची, सासू-सुनेच्या भांडणाची, कसलीही चालेल. माणसं काय बोलतात ते नको आहे, त्यांच्या मागचा घुमारा हवाय. कॅसेट जलद-संथ फिरते हे ठाऊक आहे. तीत चर्चची घंटा वाजली असेल तर फार बरं, कारण घंटा अजून तीच आहे, तिच्याशी ताडून बघता येईल. उद्याच शेजारच्या दाराची कडी वाजवा, विचारा. अशी कॅसेट सापडली तर तिच्यावर दुसरं काही भरू देऊ नका, आणि मारीकुप्पमला सवरीमुत्तुच्या घरी पोचवा. तीनच्या आत.