हात वर जातो की!

सदर महिला, नात्याने मालकिणीची भावजय, हुद्द्याने पार्लरात केस वाळवणारी, ओल्या फरशीवर घसरून उजव्या खांद्यावर पडली. एक्स-रेनुसार हाड शाबूत. सबब कामास पूर्णपणे योग्य.

हा अहवाल कुठल्या कचेरीचा नव्हता, नणंदेचा होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती तो ऐकवायची.

पडून चार महिने झाले, तरी ड्रायर वर उचलायचा म्हटलं की भावजयीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. सासूबाईंच्या मते थंडी बाधली होती, नवऱ्याच्या मते मोबाइल, नणंदेच्या मते अंगात आळस भरला होता.

एकदा तर नणंदेने भरल्या पार्लरात तिचं मनगट धरून हात थेट छताकडे उचलला. "जातोय की वर! नुसती नाटकं. वहिनी, जमत नसेल तर सांग, तुझी जागा दुसरीला देते."

बायका हसल्या. भावजयीने राग गिळला. गिळलेला राग पचत नाही, हे तिला घरी भांडी आपटताना कळलं.

दुसऱ्या दिवशी ती कुणालाही न विचारता फिजिओथेरपिस्टकडे गेली. त्या बाईंनी आधी तिची मान वळवून पाहिली. नस दबली असती तर कळ बोटांपर्यंत गेली असती. मग हात उचलला. तो सहज वर गेला.

"सांधा जखडला असता तर मलाही उचलता आला नसता. आता सोडते, तुम्ही धरून ठेवा."

हात धपकन खाली आला.

"स्नायू हाडाला बांधणारा दोर फाटला असावा. एक्स-रेत फक्त हाड दिसतं. सोनोग्राफी करा."

म्हणजे जो हात वर जातो म्हणून ती खोटारडी ठरली, त्याच्या वर जाण्यातच तिचं खरेपण होतं! ती तडक पार्लरात गेली.

"वन्सं, उचला माझा हात. सगळ्यांसमोर उचलला होतात तसाच."

"आता काय नवीन?"

"उचला! आणि सोडा."

नणंदेने उचलला, सोडला. हात आरशाखालच्या फळीवर आदळला, कंगवे आणि बाटल्या उडाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?" नणंद म्हणाली.

"चार महिने काय गाणं म्हणत होते?"

सोनोग्राफीत दोर पूर्ण तुटलेला निघाला.