वैजूवहिनीने लुटलेले खेळ

फोनवर ‘वैजूवहिनी’ असं नाव आलं आणि मी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता सांगून टाकलं, ‘नाही सापडला अजून तो पूल. आणि तू सांगू नकोस, माझा मी शोधणार आहे.’ दुपारच्या त्या वेळेला तिचा फोन म्हणजे खेळाचाच असायचा. पलीकडून दादाचा आवाज आला, ‘मंगू, मी आहे. वैजू गेली…’ जेवून उठली, स्वतःचं ताट उचललं, ओट्यापाशी जाऊन खाली बसली, ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंतही थांबली नाही. मी मुलुंडहून मिळेल ती रिक्षा करून बोरिवलीला निघाले. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकले, रडू थांबत नव्हतं, आणि तेवढ्यात मनात काय यावं? तर पूल दुसऱ्या डोंगराच्या मागच्या बाजूला असणार! आता हे सांगायचं कुणाला, या विचाराने मी आणखी रडले. रिक्षावाला बिचारा आरशातून बघत होता. त्याला काय सांगणार, की नणंद-भावजय मिळून व्हिडिओ गेम खेळत होत्या म्हणून?

वैजयंती, म्हणजे आमची वैजूवहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. आमचं घर मूळचं मालवणकडचं, वडील गिरणीत होते. वहिनी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं, त्यामुळे लहान गोष्टींवर तिचा भारी जीव. मला ती ‘वन्सं’ म्हणायची. हल्ली नणंदेला वन्सं कोण म्हणतं? ही मुद्दाम म्हणायची, आणि शक्यतो मला हरवल्यावर. निवृत्तीच्या आधी ती भाजीबाजारात घसरून पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. चार दिवसांत ती कंटाळली. तेव्हा तिच्या मुलाने, निनादने, आपला जुना लॅपटॉप आणि कंट्रोलर तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, चेंडू दाबण्यापेक्षा हे दाब. मनगट पंधरवड्यात बरं झालं. बाई काही त्यातून बरी झाली नाही.

पण तिची आवड बघा. निनादने सुरुवातीला जे खेळ दाखवले ते सगळे जगभर गाजलेले, प्रचंड खर्चाचे. वहिनीने ते बघितले, ‘छान आहेत’ म्हणाली आणि बाजूला ठेवले. जेवायचं असलं की झगमगीत हॉटेल सोडून, जिथे मालकीण स्वतः वाढते अशी खानावळ शोधणाऱ्यांतली ती. खेळातही तेच. कुठल्या तरी कोपऱ्यात एकट्यादुकट्या माणसाने दोन-तीन वर्षं घासून केलेला खेळ, ज्याच्या इंटरनेटवरच्या पानावर एखाद-दुसरीच प्रतिक्रिया आहे, तो हिला बरोबर सापडायचा. मी एकदा विचारलं की गाजलेलं का नाही खेळत, तर म्हणाली, गाजलेल्याला माझी काय गरज गं? इंग्रजी नावं आम्हाला लक्षात राहत नसत, म्हणून ती प्रत्येक खेळाचं बारसं करायची. एक ‘लिफ्टवाला’ होता. जुन्या इमारतीची लिफ्ट चालवायची, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं साल. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याने मागितलेला चष्मा चौथ्या मजल्यावर त्याच्याच तरुण बायकोकडे असतो! मी तो खेळ खेळले त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा माझं काळीज धडधडायचं. इतका झकास खेळ, आणि माझ्याखेरीज मुलुंडमध्ये कुणाला पत्ता नाही, हे मला अजून पटत नाही.

आणि ‘निऱ्यांचा’! त्याबद्दल मी किती बोलू आणि किती नको असं होतं. पडद्यावर एक मोठा प्रदेश असतो, डोंगर, नदी, गावं, आणि तो सगळा कापडाचा. चालून जायला फार लांब असेल तर जमिनीलाच चुण्या घालायच्या, की लांबचं गाव जवळ येतं. पण चुणीच्या आत जे दडपलं जातं, त्या गावात त्या दिवशी अंधार. म्हणजे कुणाला जवळ आणायचं आणि त्यासाठी कुणाला झाकायचं, हे प्रत्येक वेळी ठरवायचं. पहिल्यांदा एक शाळा माझ्याकडून चुणीत गेली तेव्हा मी ‘अगं बाई’ म्हणून किंचाळलेच. वहिनी खुर्चीवरून उडी मारायची बाकी होती. दिसलं? दिसलं ना तुला? असं तिने मला तीनदा विचारलं. खेळात आपल्याला जे वाटलं ते समोरच्यालाही वाटलं, याचा तिला जो आनंद व्हायचा, तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघितलेला नाही.

तो खेळ करणारा माणूस कुठल्याशा थंड देशातला. त्याने एक दिवस आपल्या पानावर लिहिलं की कुणी खेळत नाही, वर्ष संपलं की मी हा काढून टाकणार आणि नोकरी धरणार. वहिनीला ते जेवण जाईना इतकं लागलं. घरातलं कुणी आजारी असावं तशी ती दोन दिवस उठून उठून ते पान बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन करून विचारलं की संक्रांतीला वाण काय द्यावं. मी म्हटलं, दे स्टीलच्या वाट्या, नाही तर पिशव्या. ती म्हणाली, घरोघरी वाट्यांचे मनोरे झालेत, मी खेळ लुटणार आहे.

तिने त्या माणसाला सरळ मेल केली. आमच्याकडे हळदीकुंकू नावाचा प्रकार असतो, त्यात बायका एकमेकींना वस्तू लुटतात, तर तुझा खेळ मी बोरिवलीत लुटू का? तो आधी घाबरलाच. ‘लूट’ हा शब्द त्यांच्या खेळांतही असतो ना, पण तिथे पडलेल्या शत्रूचे खिसे उलटे करायचे असतात. वहिनीने त्याला समजावलं आणि मग मला हसत हसत ऐकवलं, ‘वन्सं, त्यांच्याकडे लुटायचं म्हणजे घ्यायचं. आपल्याकडे लुटायचं म्हणजे द्यायचं. आता कुणाचा खेळ बरा, सांग.’ त्याने खुशाल वाटा म्हणून कळवलं. तिने पेनड्राइव्ह आणले, प्रत्येकात खेळ भरला आणि तिळगुळासोबत ओटीत घातला. तिच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावणं असे. नवरा नसलेल्या, लग्न न केलेल्या, शेजारच्या गावठाणातली फिलोमिनासुद्धा. कुंकू लावायचं की नाही ते जिचं तिने ठरवावं, खेळायला मात्र सगळ्यांनी यावं, असा तिचा कायदा होता.

पहिल्या वर्षी काय काय झालं म्हणून सांगू! एकीला तो पेनड्राइव्ह म्हणजे शिट्टी वाटली. एकीने तिळगुळाच्या डब्यातच ठेवून दिला आणि पुढे तो चालेना म्हणून बरेच दिवस मुंग्यांना दोष देत होती. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्या दुपारी हिच्या घरी येऊन खेळू लागल्या. दादा म्हणायचा, घरात बायका मावत नाहीत, मी कुठे बसू? मग व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, ‘कुठे अडलात?’ या नावाचा. आणि बायकांनी त्या खेळाच्या पानावर चक्क मराठीत प्रतिक्रिया लिहायला सुरुवात केली. एकीने लिहिलं, ‘खेळ मस्त आहे हो, पण दुसऱ्या डोंगराची निरी सारखी सुटते.’ मशीनने त्याचं काय भाषांतर करून दिलं देव जाणे, पण त्या माणसाने वहिनीला विचारलं की डोंगराने साडी नेसली आहे का. वहिनीने कळवलं, हो. त्याने खेळ काढला नाही. पुढच्या भागात नवा पूलसुद्धा घातला. तोच पूल मी शोधत होते.

या वर्षीच्या वाणाची निवड तिने गणपतीतच केली होती. खेळाचं नाव तिने ठेवलं ‘तर’, आमच्या मालवणकडे खाडीपार नेणाऱ्या होडीला म्हणतात ते. आपण होडीवाले. माणसांना खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचं, बस, एवढाच खेळ. पण आपल्याला बोलता येत नाही. वल्ही फक्त हळू किंवा जोरात मारायची. जोरात मारली तर माणूस मुकाट्याने बसून राहतो, पोचतो, उतरतो. हळू मारली तर तो पाण्याकडे बघतो, आणि मग… मग तो बोलायला लागतो. मी हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतोय. एक बाई टोपली मांडीवर घेऊन बसते, तिचं लग्न मोडलेलं असतं आणि ते तिने कुणालाच सांगितलेलं नसतं. ती आपल्याला सांगते, कारण आपण घाई केली नाही! वहिनीने मला मुद्दाम गोराईच्या धक्क्यावर नेलं होतं. तिथली बोट इंजिनाची, आवाजाने कान किटतात. तरी ती शेजारच्या अनोळखी कोळणीशी दोन्ही काठांमधलं सगळं अंतर बोलत होती. हा खेळ करणारी एक मुलगी होती, आजारी वडिलांची सेवा करता करता तिने तो बनवला होता. तिनेही लिहिलं की जानेवारीनंतर खेळ बंद. वहिनीने उत्तर पाठवलं, थांब, आमची संक्रांत होऊ दे, मी खेळणाऱ्या देते. आणि तुळशीच्या लग्नाच्या आधीच ती गेली.

आता आली का पंचाईत! घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही. दादाच्या घरातून हळदीकुंकू होणं शक्यच नव्हतं आणि दादाला तसं विचारायची कुणाची छाती नव्हती. तिकडे ती मुलगी वाट बघत असणार. वहिनीने शब्द दिला होता आणि तो मोडणार होता, हे मला तिच्या जाण्याइतकंच लागत होतं. तिने आयुष्यात कुणाला चुकीचा रिपोर्ट दिला नाही. मी ग्रुपवर लिहिलं की माझ्या घरी करूया, मी तर सासरची झाले, मला अडचण नाही. त्यावर फिलोमिनाचा फोन आला. ‘मुलुंडला कोण येणार गं मरायला? आमच्याकडं सुतक नाय नि वर्ष नाय. माझ्या घरी लुटा.’ मी म्हटलं, फिलोमिना, अगं तुमच्याकडे हळदीकुंकू असतं का? ती म्हणाली, ‘नसतं. या वर्षी असंल.’

आणि झालं की! गावठाणातल्या त्या बैठ्या घरात, येशूच्या तसबिरीखाली, बायकांची ही गर्दी. फिलोमिनाने हळदीकुंकवाची कोयरी कुणाकडून तरी मागून आणली होती आणि तिळगुळाच्या शेजारी स्वतःच्या हातची नारळाची वडी ठेवली होती. मी प्रत्येकीच्या हातात पेनड्राइव्ह ठेवत होते आणि सांगत होते, घाई करू नका, हळू वल्हवा. माझं सांगून होतंय तोवर पुढची बाई विचारायची, यात अडलं तर आता फोन कुणाला करायचा? मी म्हणायचे, मला करा. मला काही येत नाही, पण करा. पेनड्राइव्हची पिशवी पोचवायला आलेला दादा बाहेर ओट्यावर बसून होता. फिलोमिनाने बाहेर जाऊन त्याच्याही हातावर एक ठेवला. बायकांचं वाण मला कशाला, असं तो म्हणाला, तर ती म्हणाली, वैजू सगळ्यांना द्यायची. त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला. वहिनी असेपर्यंत त्याने कंट्रोलरला हातही लावला नव्हता. तिच्या खेळांना तो ‘तुमची टिकटिक’ म्हणायचा.

पंधरा दिवसांत त्या मुलीच्या पानावर मराठी दिसू लागलं. तिने विचारलं की वैजयंती कुठे आहेत. ते मला लिहावं लागलं. तिचं उत्तर दोनच ओळींचं होतं, की खेळ राहील. तुम्ही हे वाचताय, तर तुम्हीही खेळा ना! खरं नाव विचारू नका, मला येत नाही. फिलोमिनाकडे पेनड्राइव्ह उरलेत आणि वडीही मिळेल.

परवा दुपारी मी दादाकडे गेले. दार उघडंच होतं. तो जेवणाच्या टेबलाशी वहिनीच्या खुर्चीत, वहिनीचा चष्मा लावून बसला होता. पडद्यावर खाडी होती, आणि होडीत डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बडबडत होती, भरल्या वांग्याबद्दल, कुणाच्या तरी मोडलेल्या हाताबद्दल, असंच काहीबाही. मी मागे जाऊन उभी राहिले. तो इतकं हळू वल्हवत होता की होडी जवळजवळ जागच्या जागी होती. मी विचारलं, ‘दादा, ही कधीपासून बसलीय?’

‘परवापासून.’

‘अरे, मग ने ना तिला पलीकडे. पुढे अजून कितीतरी माणसं आहेत. खेळ पुढे जाईल.’

त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. कंट्रोलरवरचा अंगठासुद्धा हलवला नाही.

‘पलीकडे पोचलं की ती उतरणार गो,’ दादा म्हणाला.

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.