शेळ्या बाहेर जाणार नाहीत अशी आकृती

शिकवायला लागलं की पर्सच्या तळाशी खडूचे तुकडे जमतात. लिहायला पुरत नाहीत आणि फेकवत नाहीत. किस्स्यांचंही तसंच! परवा कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या. "पुण्यात शिकून गावाकडं परत गेलीस, काय केलंस गं तिथं?" म्हणाल्या. मी जी सुरू झाले, ती दोनदा चहा थंड होईपर्यंत थांबले नाही. त्यातलेच हे काही, सगळे सातवीच्या एकाच वर्गातले.

दहाव्या वर्षी मला मामाकडं पुण्याला धाडलं होतं. डी.एड. करून परत आले ती थेट तीर्थपुरीपासून थोड्या अंतरावरच्या एका छोट्या गावात. नव्वद सालानंतरची गोष्ट. भूमिती गावातच पसरलेली असते, मुलांना फक्त बाहेर न्यायचं, असं माझं ठाम मत होतं. अजून आहे! आमच्या हेडमास्तरांचंही ठाम मत होतं. भूमिती पुस्तकात असते आणि पुस्तक वर्गात उघडतात!

*

पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं, "उद्या प्रत्येकानं घरून एक बहुभुजाकृती आणायची."

कुणी पाटी आणली, कुणी पतंग. चंदूनं कागदात गुंडाळून समोसा आणला. कागद उघडला, तर एक कोपरा गायब!

"हा कसला त्रिकोण रे?"

"बाई, घरून निघालो तवा त्रिकोणच होता. रस्त्यात चौकोन झाला."

त्रिकोणाचा कोपरा छाटला की चौकोन होतो, हे पोरगं समोशातून शिकलं! मी शाबासकी देणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून शबाना उठली. रहीम मिस्त्रींची मुलगी. बोलायची कमी, पण बोलली की मुद्द्याचं.

"बाई, चौकोन बिलकुल न्हाई. दातानं तोडलेली बाजू वाकडी आहे. बहुभुजाला बाजू सरळ पाहिजे."

चंदूनं समोसा फिरवून पाहिला आणि शांतपणे खाऊन टाकला.

*

मग मी ज्वारीच्या ताटांचे तुकडे आणि बाभळीचे काटे वापरायला लावले. तुकडे म्हणजे बाजू, काटा टोचला की शिरोबिंदू. सगळ्यांनी घरी षटकोन करायचा होता. दुसऱ्या दिवशी विठ्ठल हात हलवत आला.

"षटकोन कुठाय?"

"म्हशीनं खाल्ला."

मी हसले. हसले म्हणजे चिडलेच! सबबी सांगतोस का, म्हणून त्याला दारात उभं केलं.

तिसऱ्या दिवशी त्याची आई शेतात जाता जाता शाळेत आली. डोक्यावर टोपली, हातात खुरपं. "बाई, माझं लेकरू खोटं न्हाई बोलत. म्हशीनंच खाल्लं. काटे मी आधीच काढून ठेवले व्हते, म्हणून जनावर वाचलं." पदराची गाठ सोडून तिनं काटे माझ्या टेबलावर मांडले.

"सहाच्या सहा आहेत. मोजून घ्या."

*

बंद आकृती म्हणजे काय, हे काही केल्या मुलांच्या तोंडून येईना. "सुरुवातीचा बिंदू व शेवटचा बिंदू एकच असणे" हे पुस्तकातलं वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, पण डोळ्यांत काही दिसत नव्हतं.

मी त्यांना शाळेमागच्या काट्याच्या कुंपणाशी नेलं. "हे बंद आहे का? कशावरून?"

चंदू म्हणाला, "शेळ्या बाहेर जात न्हाईत त्याच्यावरून!"

तेव्हापासून आमची व्याख्या तीच. सरळ बाजूंची, शेळ्या बाहेर जाणार नाहीत अशी आकृती म्हणजे बहुभुजाकृती. हेडमास्तरांनी खिडकीतून हे सामुदायिक पठण ऐकलं आणि मला ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, पुढल्या महिन्यात विस्तार अधिकारी वर्ग तपासायला येऊन राह्यलेत. त्यांच्यासमोर शेळ्या निघाल्या, तर तुमचं हे बाहेर हिंडणं त्याच दिवशी बंद. मंग फळा आणि पुस्तक, बस्स!"

*

एवढ्यावर मी शहाणं व्हायला हवं होतं. पण तेव्हाच गावात रहीम मिस्त्री एका खोलीचा पाया आखत होते. वर्ग तिकडं!

"समोरासमोरच्या बाजू सारख्या केल्या, तरी खोली तिरकी ऱ्हाऊ शकती," मिस्त्री म्हणाले. त्यांनी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना. "दोन्ही तिरपे बराबर, तवाच खोली गुण्यात."

गुण्यात म्हणजे काटकोनात. आयताचे कर्ण समान असतात, हे मी दोन तास फळ्यावर सांगूनही जे झालं नव्हतं, ते दोन मिनिटांत झालं! मी नियमच केला, मोजल्याशिवाय आकृतीला नाव द्यायचं नाही.

आठवड्याभरात मुलांनी सुतळी घेऊन गाव पालथं घातलं. बाज, खिडक्या, पाट, सगळं मोजलं. शेवटी हेडमास्तर जेवायला गेलेले असताना त्यांचं टेबलही! ते परतले, तर चंदू दारातच.

"सर, तुमचा टेबल गुण्यात न्हाई."

सुतळी जप्त झाली. ऑफिसच्या कपाटात, कुलपात!

*

अधिकारी आले ते सफारीत, घाईत. हेडमास्तर दारात उभे. मी भिंतीला टेकून. साहेबांनी खडू घेऊन फळ्यावर झरझर चार रेघा ओढल्या.

"सांगा, ही आकृती कोणती?"

एकही हात वर नाही. हेडमास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू शेळ्या आत्ताच सुटल्या.

"सातवीत साधा आयत ओळखता येत नाही?"

शबाना उठली. "साहेब, मोजायचं ऱ्हायलंय." तिनं इकडंतिकडं सुतळी शोधली. मग वेणीची लाल रिबन सोडली, एक टोक चंदूच्या हातात दिलं आणि फळ्यावर ताणली. एक कर्ण. चिमटीत धरलं. दुसरा कर्ण.

"चौकोन आहे, साहेब. आयत व्हायला चार बोटं कमी पडून राह्यलीत."

साहेब मागं सरले. मान तिरकी केली. डस्टर घेतलं, पुसलं, पुन्हा काढलं. या वेळी सावकाश.

रिबन पुन्हा फिरली.

"आता दोन बोटं."

साहेबांनी हातातली फाईल टेबलावर ठेवली, सफारीच्या बाह्या वर केल्या आणि चंदूच्या हातातलं टोक स्वतः घेतलं.

तेवढ्यात दारातून हेडमास्तरांचा आवाज आला, "साहेब, जरा ताणून धरा. ढिली सोडली की माप चुकतं!"