जिनिंगचे कान

हदगावची आमची जिनिंग बंद केली तेव्हा मशिनी विकल्या, पण कापूस ठेवायचं गोदाम तेवढं राहिलं. चाळीस फूट लांब, पंचवीस रुंद. पोरं म्हणाली, भाड्यानं देऊन टाका. मी म्हणलं, न्हाई. जन्मभर मशिनींची घडघड ऐकली, आता तिथं बसून मला गाणं ऐकायचंय. बायकोला तर गाण्याचं माझ्यापेक्षा लई वेड, अन् आख्खा संसार तिनं स्वयंपाकघरातल्या रेडिओवर भागवला होता. दोन खुर्च्या मांडायच्या, एक तिची, एक माझी, अन् समोर असे स्पीकर ठेवायचे की गाणारा पुढ्यात येऊन बसला पाहिजे. एवढंच आमचं ठरलं होतं.

नांदेडच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं गोदामात येऊन एक टाळी वाजवली. ती पत्र्याला, भिंतींना थडकून तीनदा परत आली. "काका, इथं कितीबी भारी स्पीकर लावा, गलकाच होणार," असं म्हणून तो भिंतींना लावायच्या फोमची यादी करायला लागला. मी म्हणलं, बाबा रे, कापूसवाल्याला मऊ माल विकतोस व्हय? शेवटच्या हंगामातल्या रुईच्या काही गाठी पडून होत्या. त्या चारी कोपऱ्यांत एकावर एक रचल्या, मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगल्या, पत्र्याखाली छत मारून घेतलं. पुढच्या खेपेला त्याची टाळी जागच्या जागी विरली. गड्यानं मोबाइल काढून गाठींचा फोटो तेवढा घेतला.

त्या खेपेला त्यानं स्पीकरच्या दोन जोड्या आणल्या होत्या. आठ दिवस ऐका, एक ठेवा, एक परत द्या, असा सौदा. पहिली जोडी रुंद छातीची, माझ्या खांद्याएवढी उंच. मोठी खोली हिलाच झेपेल, असं त्याचं म्हणणं. दुसरी अंगानं बारीक, वरच्या बाजूला लहानशा भोंग्यासारखं तोंड असलेली.

पहिलीवर आमच्या आवडीचं भजन लावलं. गाणाऱ्याच्या तोंडावर कांबळं टाकल्यागत आवाज! मृदंग ठीक, पण टाळ कुठं गेले? मग दुसरी लावली अन् टाळ असे खणखणले की माझ्या अंगावर काटाच आला. मी मांडीवर थाप मारली. "हीच!"

बाजूला बघतो तर बायकोनं पदर कानांवर दाबून धरलेला. "अहो, बंद करा ते. डोक्यात खिळे ठोकल्यावाणी होऊन राहिलंय."

"तुला भारी आवाजाची सवय न्हाई," मी म्हणलं.

"पहिलीच चांगली होती. गोड होती."

दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटं बसली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडायचीय म्हणाली. चौथ्या दिवशी आलीच न्हाई. मला लई राग आला. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिचीच खुर्ची रिकामी! अन् माझ्या कानावर शंका? अहो, बारा मशिनी एकदम चालू असताना कुणाचं बेअरिंग जातंय हे मी ऑफिसात बसून सांगायचो. जिनिंगमध्ये माणसाची किंमत त्याच्या कानावर व्हायची. माझ्यापेक्षा तिखट कान एकाचाच, आमच्या म्हाताऱ्या फिटरचा. मग काय, त्यालाच बोलावून घेतला. त्यानं दोन्ही जोड्या डोळे मिटून ऐकल्या अन् बारक्या जोडीकडं बोट केलं. "मालक, हीच. त्या रुंद जोडीच्या बेअरिंगमंदी कचरा हाय." मी बायकोकडं असं बघितलं, जसा काही खटला जिंकला.

आठव्या दिवशी दुकानदार परतीची जोडी न्यायला आला, तेव्हा फिटरही तिथंच होता. आमची कुरबुर ऐकून हसला. म्हणाला, "भांडता कशाला? मी एक शिट्टी लावतो. ती बारीक बारीक होत जाईल. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा." आम्ही चौघांनी शाळेतल्यावाणी हात वर केले. शिट्टी चढत गेली अन् थांबली. मी हात खाली घेतला, फिटरनंही अगदी बरोबर त्याच वेळी घेतला.

"बंद का केलंस? चालू ठेव की," मी म्हणलं.

दुकानदाराचा हात वरच होता. बायकोचाही. ती माझ्याकडं बघत नव्हती, खाली सतरंजीकडं बघत होती. बराच वेळ दोघांचे हात तसेच वर.

फिटरच आधी हसला. "मालक, आपले कान मशिनींनी खाल्ले की वो!" मला हसू आलं न्हाई. आतून मेल्यावाणी झालं. ज्या कानाच्या जोरावर आठ दिवस बायकोला अडाणी ठरवलं, तो कान केव्हाच गेला होता.

ते दोघं गेल्यावर मी तिला विचारलं, "तुला कधीपास्नं ठाऊक?"

"जिनिंग चालू होती तेव्हापास्नं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं होतं. तुम्हाला ऐकूच आलं न्हाई. मग मीच जाड आवाजात बोलायला लागले."

लग्नात तिचा आवाज लई बारीक होता. वयानं जाड झाला असेल असं मी धरून चाललो होतो, तसं तिला म्हणलं बी. "वयानं कशाला?" ती म्हणाली. "माहेरी फोनवर मी अजून बारीकच बोलते."

रुंद जोडी ठेवली. आता ती रोज संध्याकाळी येऊन तिच्या खुर्चीत बसते. मला अजूनही कांबळं टाकल्यागतच ऐकू येतं. भजनात टाळ सुरू झाले की ती हात वर करते, अन् टाळ थांबेपर्यंत मी तिच्या हाताकडं बघत बसतो.