उलटा वाजवलेला आवाज

माझी नणंद नेलिदा एचेगोयेन आमच्या चौकात बायकांचे केस कापायची. बोलण्यात कुणाला हार जायची नाही. पण एका गोष्टीबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. खालचं गाव, विया सालीना, खाऱ्या तळ्यात बुडालं तेव्हा दफनभूमीतल्या पेट्या तरंगून वर यायला लागल्या. नेलिदा आणि तिचा भाऊ ओविदिओ, म्हणजे माझा नवरा, होडी घेऊन बापाची पेटी आणायला गेले. आणलीही. वरच्या गावात तिला पुन्हा माती दिली. त्या होडीत काय झालं, ते मात्र दोघांनीही पोटातच ठेवलं.

वर्षं गेली, पाणी ओसरलं. मिठानं पांढरीफटक झालेली घरं उघडी पडली, आणि फोटो काढणारे यायला लागले. त्यांच्यामागून ब्वेनोस आइरेसहून लाउतारो आला. मरणाऱ्या ग्रहावरचा सिनेमा काढायचा म्हणाला. पोरगा गोड होता. नेलिदाच्या दुकानात बसून माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, प्यायचा, बायकांची उणीदुणी ऐकून खदखदा हसायचा.

मोठ्या बाईला मानानं लावतात तसं 'दोन्या' लावून एक दिवस तिला म्हणाला, "दोन्या नेलिदा, त्या ग्रहावर उरलेली शेवटची बाई तुम्ही."

"मी? अरे, गुडघे गेलेत माझे. मला कोण बघणार?"

"बघायला नाही, ऐकायला येतील. गाव कसं गेलं ते तुमच्या शब्दांत सांगा. तोच सिनेमा."

सगळं गाव राबलं. आम्ही बायकांनी चंदेरी कापडाचे झगे शिवले, ओविदिओनं ट्रॅक्टरवरून त्यांचं सामान वाहिलं, गावच्या क्लबनं रोज जेवण घातलं. आणि एका सकाळी पडक्या शाळेसमोर मिठात उभं राहून नेलिदानं कॅमेऱ्याला सगळं सांगितलं. जवळ फक्त लाउतारो आणि आवाज टिपणारा माणूस.

तिथून ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा. "सांगितलं गं, डेलिया," म्हणाली. "एकही शब्द अडला नाही. आता सिनेमातच ऐक. माझ्याच्यानं दोनदा व्हायचं नाही."

सिनेमा शहरातल्या मोठ्या थिएटरात लागला तेव्हा आम्ही बस करून गेलो. नेलिदानं निळा कोट घातला होता. पडद्यावर जांभळं आभाळ आलं, उलटी वाहणारी नदी आली, तुकडे होऊन पुन्हा जुळणारी घरं आली. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू? मग नेलिदा आली, चेहऱ्यावर चांदीचा मुलामा. ती चालत होती, चालतच होती.

माझ्या शेजारची म्हातारी पिरुचा कुजबुजली, "चंदेरी कागदात गुंडाळून निखाऱ्यात टाकायचा बटाटा केलाय की हिचा!" आम्ही तोंड दाबून हसलो. नेलिदासुद्धा हसली.

मग तिचे ओठ हलायला लागले. ती सावरून बसली, माझा हात धरला. पडद्यातून आवाज आला तो घुमल्यासारखा, गुरगुरल्यासारखा. एकही शब्द कळेना. तिचं बोलणं उलटं वाजवलं होतं. परग्रहावरची भाषा म्हणे! नेलिदानं माझा हात सोडला. शेवटी शहरातले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेर लाउतारो हात पसरून आला. नेलिदानं त्याला जवळ येऊ दिलं नाही.

"माझा बाप कुठाय?"

"दोन्या नेलिदा, शब्द असते तर ती एका गावाची गोष्ट झाली असती. आता ती सगळ्यांची झाली."

"सगळ्यांची? एकाला तरी कळली का? तुला काय आठवतंय त्यातलं, सांग."

त्यानं तोंड उघडलं. "ती होडी... आणि पाणी..." मग म्हणाला, "तुमच्या आवाजाचा पोत आठवतो मला."

"पोत! मी काय तुला कापड विकायला उभी होते?"

तिनं मूळ आवाज मागितला. तसाच, सुलटा. त्यानं आवाजवाल्याकडे पाहिलं. तो ठेवलाच नव्हता. उलटा केल्यावर मूळ आवाज पुसून टाकला होता.

पुढं आमच्या क्लबला तो सिनेमा दाखवायचाच होता; गावाचं नाव झालं होतं ना! नेलिदा म्हणाली, "दाखवा. पण आवाज बंद ठेवा, मी बोलते." रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ती पडद्याशेजारी उभी राहिली. सांगत सांगत होडीपर्यंत आली, आणि थांबली. पडद्यावरची नेलिदा बोलत होती, ही नुसती तिच्याकडे बघत होती.

तेव्हा माझा नवरा उठला. "पेटीवरची नावाची पाटी गळून गेली होती," तो म्हणाला. "दोन पेट्या सारख्याच दिसत होत्या. वारा सुटला होता, होडीत पाणी शिरत होतं. मी म्हटलं ही, नेलिदा म्हणाली ती. मी माझंच खरं केलं. आम्ही कुणाला पुरलं, आम्हाला ठाऊक नाही." एवढं सांगून तो खाली बसला. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि मला हे तेव्हा कुठं कळत होतं.

पिरुचा म्हणाली, "कुणी का असेना, ओविदिओ. आपल्यातलाच कुणीतरी. माझा नवराही तिथंच पुरलेला होता." मग एकेक जण आपापल्या पेटीबद्दल बोलायला लागला. अंधार पडेपर्यंत क्लब रिकामा झाला नाही.

घरी येताना मी म्हटलं, "झालं ना गं मोकळं?"

"ओविदिओचं झालं," नेलिदा म्हणाली. "माझं त्या पोरानं नेलं. त्या सकाळी प्रत्येक शब्द जागेवर लागला होता, डेलिया. वडलांशी बोलावं तसं बोलले होते मी. ते आता कुठून आणू?"

सिनेमा अजून देशोदेशी फिरतो. मागच्या महिन्यात राजधानीहून एक मुलगी दुकानात आली, नेलिदाला ओळखून किंचाळलीच. "त्या भाषेत काहीतरी बोला ना!" म्हणाली, आणि फोन पुढे धरला.

नेलिदानं तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. "ती दुसरी बाई होती," म्हणाली. "धुवायचेत, की नुसते कापायचेत?"