दहा ते सहाचा नकाशा

आमच्या पट्ट्यातल्या कारखानदारांच्या संघटनेच्या सचिवांनी शिफ्टला जाणाऱ्या बायकांना फसवलं, आणि त्यासाठी मी बनवलेलं ॲप वापरलं. हे आधीच लिहून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की गैरसमज झाला असेल.

मी चाकणला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मला कॉम्प्युटर सुरूही करता येत नव्हता. आकुर्डीत क्लास लावला, क्वालिटी खात्यात शिरलो आणि आकडेवारीसाठी वापरतात ती आर नावाची भाषा एकट्याने शिकलो. कुणाची मेहेरबानी नाही. घासाघीस करताना तर मी सख्ख्या भावालाही सोडत नाही.

संघटनेला हायवेवर सिग्नल मिळवायचा होता. अपघातांची सरकारी माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, तिच्यावरून नकाशा करून द्या, असं सचिव म्हणाले. मी पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले की माल त्यांचा, एवढं मला कळतं. त्याऐवजी अट घातली: नकाशा उघडला की दिवसरात्रीचे सगळे अपघात दिसले पाहिजेत. सचिवांनी हात पुढे केला. "शब्द दिला, भाऊ."

ती माहिती म्हणजे भंगार होतं. एकाच चौकाची निरनिराळी नावं, कुठे वेळ आकड्यांत, कुठे नुसतं 'पहाटे'. सुट्ट्या घालवून ओळ न् ओळ साफ केली. मग नकाशाखाली वेळेची पट्टी बसवली. बोटाने सरकवली की त्या वेळचे लाल ठिपके उमटायचे. दुपारी ते बहुतेक संघटनेच्या ऑफिससमोरच्या चौकात. पट्टी सकाळची शिफ्ट भरायच्या किंवा रात्रीची सुटायच्या वेळेवर आणली, की सगळे एकाच फाट्यावर. कारण तिथला कोणीही सांगेल. वळसा वाचवायला कंपनीची बस बायकांना रस्त्याच्या पलीकडेच उतरवते, आणि त्या डिव्हायडर ओलांडून येतात. माझी धाकटी बहीण त्यांच्यातच.

"झकास झालंय, राव," सचिव म्हणाले, "पण हे बघून बसवाल्यांवर बालंट येईल."

"बसवाल्यांवर कशाला? बस लावणाऱ्या कंपन्यांवर येऊ द्या."

ते हसले आणि चहा मागवला. ॲप त्यांच्याच वेबसाइटवर चालणार होतं, म्हणून कोड त्यांच्याकडे दिला.

पुढे एकदा बहीण जेवताना मोबाइल बघत म्हणाली, "दादा, आमचा फाटा तू दुसऱ्या तालुक्यात हलवलास का? एक ठिपका नाही त्याच्यावर."

मी मोबाइल घेतला. पट्टीच नव्हती. नकाशा फक्त दहा ते सहाचे अपघात दाखवत होता. चौकशी केली तेव्हा कळलं, अधिकाऱ्यांच्या बैठकीत हाच दाखवला होता, आणि सिग्नल मंजूर झाला तो संघटनेच्या ऑफिससमोर.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांच्या टेबलासमोर उभा होतो.

"पट्टी कुठाय?"

"लोकांना ते सरकवणं जमत नाही हो. सोपं केलं."

"आणि दहा ते सहा?"

"कामाची वेळ आहे."

"कोणाच्या कामाची? तिथं बायका पहाटे उतरतात."

"आवाज खाली. आणि हक्क कसला सांगता? एक रुपया तरी घेतलात का? फुकट दिलेल्या वस्तूवर विचारायचं नसतं."

मी त्यांच्या टेबलावरचा ग्लास भिंतीवर फेकला. शिपायाने मला बाहेर काढलं. भंगारवाल्यांपासून बिल्डरपर्यंत सगळ्यांशी घासाघीस केली, पण पैसे न घेण्याची माझीच चाल माझ्या गळ्यात कोणी घातली नव्हती.

माहिती खुलीच होती, म्हणून मूळ नकाशा मी स्वतः वेबसाइटवर चढवला आणि मंजुरी देणाऱ्या साहेबांकडे लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी पट्टी सरकवून पाहिली. फाट्यावर ठिपके गोळा झालेले पाहिले. "चांगलं काम आहे," म्हणाले, "पण निर्णय झालाय. संघटनेनेच माहिती दिली होती, तुम्ही त्यांच्याशी बोला."

त्यांच्याशी बोलूनच आलो होतो.

सिग्नलचे खांब ऑफिससमोर उभे राहिले. बहीण अजून त्याच फाट्यावर उतरते. "एकमेकींचा हात धरून पळतो," म्हणते, "जी लंगडते तिला मधे घेतो."

म्हणून सचिवांना उघड विचारतो. ती पट्टी कोणी काढायला लावली, कोणत्या कंपन्यांनी सांगितलं? मला ऑफिसात बोलावून चहा पाजू नका. पहाटे बस येते तेव्हा त्या फाट्यावर या, आणि डिव्हायडरवर चढलेल्या बायकांना उत्तर द्या.