हुरड्यासाठी आणलेला लहान सिलिंडर

“एवढ्या माणसांले एवढासा सिलिंडर! लग्नात पंगत कशी उठवन गा हा माणूस?”

मुलाचे काका बाजेवर बसल्या बसल्या शेजारच्याला हळूच म्हणाले. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. हा माणूस म्हणजे माझे मामा. खाप्याजवळच्या त्यांच्या शेतात त्या सकाळी माझ्या मामेबहिणीच्या होणाऱ्या सासरची मंडळी हुरड्याला आली होती. होणाऱ्या म्हणायचं, पण होकार अजून आलेला नव्हता. आणि भट्टीतला गॅस नुकताच विझला होता.

हुरडा गॅसवर भाजायचं कारण मुलाची आई. त्यांना दमा होता, गोवऱ्यांचा धूर सोसत नव्हता. म्हणून मामांनी एक लोखंडी भट्टी मिळवली, वर जाळी, खाली गॅस. गावातल्यांना हसायला विषय झाला.

“गॅसवर हुरडा? उद्या बैलाले पेट्रोल पाजशीन का गा?”

“पाजीन,” मामा म्हणाले. “पोरीचं जमू दे आधी.”

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी कॉलेजात नुकतीच गेले होते. सिलिंडर घ्यायला मामा नागपूरला आले आणि रामदासपेठेतल्या आमच्या घरून मला सोबत घेऊन सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेले. दोन आकार होते. मामांनी मोठ्यावर हात ठेवला. मग दुकानदाराने लहान सिलिंडरबरोबरचा इंग्रजी कागद पुढे केला आणि मामांनी तो माझ्या हातात दिला.

“वाच वं बाई. आमची भाची इंग्रजीत शिकून राहिली.” हे दुसरं वाक्य सगळ्या दुकानाला होतं.

चार-पाच गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. आच अगदी बारीक ठेवली तर हा सिलिंडर आठ तास चालतो, असं कागदावर होतं. मला ते नीट कळलं होतं. पण लोकांपुढे माझं मराठी अडखळायचं, आणि कुणी हसेल ही धास्ती कायम असायची. मी वाक्य होईल तेवढं तोकडं केलं. “आठ तास चालतो,” म्हटलं आणि कागदाची घडी केली.

मामांनी मोठ्यावरचा हात काढला.

“मोठाच न्या, दादा,” दुकानदार म्हणाला.

“पोरीनं वाचलं नं? झालं तर.”

तेवढ्या वेळात मला उरलेलं सांगता आलं असतं. मी रस्त्यावरच्या सायकली बघत राहिले.

शेतावर थंडी होती म्हणून मामांनी पाहुण्यांच्या आधीच भट्टी पेटवून ठेवली, मोठ्या आचेवर. पाहुणे तासभर उशिरा आले. पहिल्या ताटल्या फिरल्या आणि ज्योत आखडत आखडत गेलीच. मामांनी सिलिंडर हलवून पाहिला. मी चटणी वाढत होते, ती वाढतच राहिले. शेवटी गोवऱ्या पेटवाव्या लागल्या. वारा नेमका फिरला. मुलाच्या आई तोंडाशी पदर धरून दूर आंब्याखाली जाऊन बसल्या, तिथेही खोकत होत्या.

“मोठा नाही भेटला का हो?” मुलाच्या वडिलांनी हसत विचारलं.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दुकानातलं सगळं ठाऊक होतं. मामा घाईने म्हणाले, “भेटत होता जी. माह्याच अंदाज चुकला.”

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतात. मी लहानपणापासून पाय मागे घ्यायचे, ते वाकायचेच. त्या सकाळीही वाकले होते. जिच्या पाया पडायचं तिची चूक चारचौघांत कशी सांगणार? हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, तरी मी तोंड उघडलं नाही. मामा उकिडवे बसून गोवऱ्या फुंकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला फक्त एवढंच वाटलं, आता बोलले तर सगळे माझ्याकडे बघतील. बहिणीचं काय होईल, हे मनात आलंसुद्धा नाही. आज लाज वाटते ती त्याची जास्त.

आणि मग काकांचं ते पंगतीचं वाक्य आलं. मामेबहीण माझ्या बाजूलाच होती, तिनेही ऐकलं. ताटलीतला एकेक दाणा वेचून पुन्हा ताटलीतच ठेवत राहिली.

मी तांब्या खाली ठेवला आणि आंब्याखाली गेले. उभी राहिले मुलाच्या आईसमोर, पण बोलले ते बाजेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“काकू, मामा मोठाच घेत होते. लहान मी घ्यायला लावला. बारीक आचेवर आठ तास, असं कागदावर होतं. मी अर्धंच वाचून दाखवलं, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.”